मामांची काख

मी केडगावची. माहेरी आमचं पुणे रोडलगत दोन खोल्यांचं घर, वडील कंपनीत, आणि गाय म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसलेली, हॉर्न वाजवला तरी न उठणारी, एवढीच माझी तिच्याशी ओळख. लग्न होऊन संगमनेरकडच्या या गावात आले तेव्हा गोठ्याच्या दारापलीकडे जायला धजायचे नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी मला धार काढायला शिकवलं, आणि तेही माझ्याशी एक शब्द न बोलता.

ते गाईशी बोलायचे. सुनेशी तोंडावर बोलायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. मी डोक्यावर पदर घेऊन बादली धरून उभी असायचे आणि मामा गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "सांग गं बाई तिला, आधी कोमट पान्यानं कास धू म्हनावं. मंग कोरड्या फडक्यानं टिप. रगडू नको. ओली कास ठिवली की रोग आलाच." गाय शेपटी हलवायची. मी म्हणायचे, "बरं." तेसुद्धा गाईकडे बघूनच. सुरुवातीला हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायचं. पुढे अंगवळणी पडलं. खरं सांगायचं तर त्या गाईच्या मार्फत आमचं जेवढं बोलणं झालं, तेवढं माझं नवऱ्याशीही झालं नसेल. हे दुधाच्या टँकरवर आहेत, पहाटे जातात ते दुपारी उगवतात, आणि आल्यावर जेवून घोरतात.

तर ही गाय. बाकीच्या सगळ्या जर्सी, त्यांना मशीन लावलं की झालं. ही एकटी गावरान, तांबडी, आता म्हातारी. मशीनचा आवाज आला की दूध चोरते. मी बसले तर कपभर देते, तेही उपकार केल्यासारखं. मामा बसले की मात्र बाईसाहेब डोळे मिटून पान्हा सोडणार. दोन्ही हातांनी, एका लयीत, चर्र चर्र असा आवाज. म्हातारा आणि म्हातारी, दोघांचं काय चालायचं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

गेल्या वर्षी होळी झाली आणि मामांना अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा म्हणायची, वाचा शाबूत राहिली आणि पायही बऱ्यापैकी सावरला. काठी टेकत गोठ्यापर्यंत जायला लागले. पण डावा हात बरगडीला चिकटून बसला. दवाखान्यातून येताना गळ्यात झोळी अडकवून दिली होती, तिच्यात तो हात झोपलेल्या लेकरासारखा पडून असायचा. फिजिओथेरपीवाली मुलगी संगमनेरहून स्कूटीवर यायची आणि तो हात खांद्यातून हळूहळू वर करायची. तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "हे पहिले महिनेच कामाचे. आता खांदा हलता ठेवला तर हात येईल. एकदा आखडला की असाच राहील, मग कितीही डोकं आपटा."

मामा गोठ्यात जाऊन तांबड्या गाईला म्हणाले, "दम धर जरा. येतो म्या." एका हातानं काय धार निघत नाही असं नाही. पण मामांच्या लेखी ते दूध काढणं नव्हे, ओरबाडणं. त्यांना दोन्ही हात हवे होते, आणि ते त्या गाईसाठीच हवे होते.

सुरुवातीला हात खांद्यापर्यंत यायला लागला. आम्ही खूश. मग ऊन वाढलं. आणि एके दिवशी त्या मुलीनं हात उचलला मात्र, मामा असे ओरडले की गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. "नगं! नगं म्हनतो ना!" काठी भिरकावली. पोरगी घाबरून रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी ती म्हणाली, "आजोबा हातच लावू देत नाहीत, तर मी येऊन करू काय?" आणि यायची बंद झाली. आमचे हे म्हणाले, "वय झालं, हट्टीपणा आलाय." की विषय संपला! पुरुषांना कारण सापडलं की त्यांची झोप मोडत नाही.

मला मात्र वास येत होता. मामा शेजारून गेले की आंबूस, झाकण ठेवून विसरलेल्या पिठासारखा. आणि त्यात आणखी कसला तरी ओळखीचा वास, पण नेमका कसला ते कळेना. आंघोळ हे घालायचे त्यांना. आंघोळ कसली, गाडी धुणं! डोक्यावर तांब्या, पाठीवर साबण, चला. हात उचलला की म्हातारा ओरडतो, म्हणून हात उचलायचाच नाही. ओल्या अंगावर बंडी, वर शर्ट, वर झोळी. भर उन्हाळ्यात.

एकदा टँकर राजूरच्या घाटात बंद पडला आणि हे रात्रभर आलेच नाहीत. सकाळी मामांचे कपडे बदलायची वेळ माझ्यावर आली. मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या म्हनावं." गाय नव्हती ना तिथं, मग भिंतीला सांगितलं. मीही भिंतीलाच म्हटलं, राहू कसं द्यायचं, घामानं चिंब झालेत मामा. बंडीची बटणं काढली आणि बगलेत बघते तर पिवळा तेलकट डाग, आणि तो वास एकदम ओळखू आला. कासेचं मलम! गाईच्या सडांना चिरा पडल्या की लावायचं ते, गोठ्यातल्या कोनाड्यात डबा असतो त्याचा. म्हातारा काठी टेकत जाऊन रोज बोटानं ते काढत होता आणि काखेत कोंबत होता.

"मामा, हे काय केलंत?" रागाच्या भरात मी तोंडावर बोलून गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

ते भिंतीलाच म्हणाले, "गाईचं बरं हुतं त्यानं. मंग म्या काय घोडं मारलंय?"

मी त्यांचा हात कोपरातून धरला आणि जेमतेम वीतभर दूर केला. आई गं! आत लालबुंद मांस दिसावं तशी कातडी, ओली, चकचकीत. घड्यांमध्ये पांढरा थर, नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा. आणि त्या लाल चट्ट्याच्या कडेबाहेर बारीक बारीक लाल पुटकुळ्या, जिकडेतिकडे उडालेल्या. या जागेवरून तो हात रोज उचलला जात होता आणि आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो.

पण त्याच वेळी आणखी काहीतरी दिसलं, ते मी कधी विसरणार नाही. चट्ट्याच्या वरच्या बाजूला, जिथं रोग पोचला नव्हता, तिथली कातडी. उन्हात रापून मामांचे हात काळे पडलेत, खरबरीत, नखात शेण. आणि हा आतला तुकडा गोरा, मऊ, जन्मल्या बाळाचा असावा तसा. इतक्या वर्षांत त्यावर ऊनच पडलं नव्हतं. राठ म्हाताऱ्यानं स्वतःचं तान्हेपण बगलेत सांभाळून ठेवलं होतं जणू. मी बघतच राहिले. मामांनी मान आणखी वळवली आणि पुटपुटले, "बाईमानसानं बघायची जागा हाय का ती."

संगमनेरला त्वचेच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. तिथंही तमाशा. बाई आहे म्हटल्यावर मामांनी हात असा दाबून धरला की जणू बगलेत सोनं लपवलंय. डॉक्टर हसल्या. "बाबा, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काखाच बघते. तुमची काही वेगळी नाही." शेवटी उघडली. त्यांनी बोथट पात्यानं पांढरा थर जरासा खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला, वर कसल्याशा द्रावणाचा एक थेंब टाकला, थोडा वेळ ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग मला म्हणाल्या, "बघायचंय?"

मी बारावी सायन्सला नापास झालेली बाई. भीत भीत वाकले. आधी नुसता उजेडाचा गोल. त्यांनी बाजूचं चक्र किंचित फिरवलं आणि एकदम सगळं स्वच्छ झालं. लांब लांब पारदर्शक दोरे, मध्ये सांधे असलेले, एकमेकांत गुंतलेले. आणि त्यांच्या आसपास गोल कण. नीट बघितलं तर एका कणाला बाजूनं दुसरा बारका कण फुटत होता, कोंब फुटतो तसा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्याशा जागेत केवढं मोठं रान माजलं होतं!

"हे जिवंत आहे?" मी विचारलं.

"आता या थेंबात नाही. मघाशी काखेत होतं." डॉक्टर म्हणाल्या, "ही यीस्ट. बुरशीचाच प्रकार. पाव फुगतो ना, त्या यीस्टच्या नात्यातली. तुमच्या-माझ्या अंगावरही थोडी असते, गुपचूप. उबदार, ओली, बंद जागा मिळाली की माजते."

माझ्याही अंगावर! मी नकळत पदर सावरला. मग मामा म्हणाले, "म्या बी बघू का?" त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले. दवाखान्यात बाकीचे पेशंट खोळंबले. मामांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा देवळातून बाहेर पडलेल्या माणसासारखा होता.

"लई मोठं गोत हाय की ह्यांचं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् ह्यांना म्याच मलम घालून पोसलं व्हय?"

"मलमानं ओल आत कोंडली," डॉक्टर म्हणाल्या. "बरं झालं, मेडिकलमधलं मिक्स क्रीम तरी आणून लावलं नाहीत. त्यात स्टेरॉइड असतं. आधी गार वाटतं आणि मग रोग पसरतो." मामांना जुनी शुगर आहे हे कळल्यावर त्यांनी गोळ्यांची चौकशी केली. मामांनी छताकडे बघितलं. गोळ्या मनाला येईल तेव्हा, आणि चहा गुळाचा. गुळाला शुगर नसते, हा मामांचा कायदा. डॉक्टरीणबाईंनी तो जागच्या जागी मोडीत काढला. रक्तात साखर वाढली की या बुरशीची चंगळच, असं म्हणाल्या.

औषधापेक्षा त्यांनी कोरडेपणावर जास्त भर दिला. दिवसातून दोनदा कोमट पाण्यानं धुवायचं, साधा साबण, तोही थोडा. मग पूर्ण कोरडं करायचं, पंख्यासमोर हात उघडा ठेवून. मग बुरशीवरचं क्रीम, अगदी पातळ थर. बगलेत मऊ सुती कापडाची घडी, ती ओली झाली की बदलायची. बंडी सैल, सुती, रोज धुऊन कडक उन्हात वाळवलेली. झोळी सारखी नको, मधून मधून काढायची. आणि लाली गेली म्हणून क्रीम बंद करायचं नाही, मी सांगेन तेव्हाच. "आणि पुसताना," त्या म्हणाल्या, "रगडायचं नाही. टिपायचं."

मी आणि मामांनी एकदम एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजरा वळवल्या.

आता हे दिवसातून दोनदा करणार कोण? आमचे हे टँकरवर. राहिले मी. त्या संध्याकाळी मी कोमट पाण्याचं भगुलं आणि फडकी घेऊन गेले तर मामा खोलीत नाहीत. गोठ्यात तांबड्या गाईच्या आडोशाला जाऊन बसलेले. मला बघून गाईला म्हणतात कसे, "सांग गं तिला, सुनंनं सासऱ्याची काख धुयाची, असं कुठं असतंय का जगात? लोकं तोंडात शेन घालतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही भगुलं खाली ठेवलं आणि गाईलाच म्हटलं, "तू सांग गं मामांना. मला कास धुवायला कुणी शिकवलं? ओली ठेवली की रोग आलाच, हे कोण म्हणायचं? गाईच्या बाबतीत लाज नाही आणि माणसाच्या बाबतीत मात्र आहे? आणि हा हात गेला ना, तर तुझ्याखाली बसायला मीच आहे जन्मभर. मान मग कपभर देऊन समाधान!"

गाय रवंथ करत होती. मला वाटलं, झालं, आता मामा माझ्या माहेरी फोन लावायला सांगतात. पण त्यांनी उजव्या हातानं शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. मी खाली बसले.

आणि मग ते रोजचंच झालं. मामा तोंड फिरवून बसायचे, मी वीतभर जागेत बोटं घालून धुवायचे, टिपायचे, पंख्याकडे तोंड करून बसवायचे. डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा. एकदा भगुल्यातच पडला, चिंब झाला. मी वैतागून तो कमरेला खोचला आणि उघड्या डोक्यानं पुढचं काम केलं. मामांनी बघितलं. त्यानंतर मी त्यांच्यासमोर पदर घेतलाच नाही.

मी नवल बघत होते. काय सांगू तुम्हाला, माणूस देवळात जातो, डोंगर बघायला जातो, मी एका काखेत बघत होते. आधी पांढरा थर गेला. मग ओल गेली. मग लाल चट्टा कडेनं आत आत सरकायला लागला, आज नखाएवढा, उद्या आणखी. वरून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटले आणि त्याखाली नवी कातडी, गुलाबी, बारीक सुरकुत्यांची. मी तर फक्त कोरडं ठेवत होते, क्रीम लावत होते. बाकीचं सगळं आतून येत होतं. सत्तरी ओलांडलेल्या देहाला अजून कोरी कातडी विणायची अक्कल होती, आणि ती कुणी शिकवलेली नव्हती. मी एकदा नवऱ्याला बोलावून दाखवलं. हे म्हणाले, "बरंय की." एवढंच! मला वाटलं, या माणसाला हिमालय दाखवला तरी 'बरंय की' म्हणेल.

मध्ये एक घोळ झालाच. बगल स्वच्छ दिसायला लागली तशी मामांनी गाईकरवी जाहीर केलं, "बरं झालंय म्हनावं, आता बास." मी भावाच्या घरी केडगावला गेले होते, चार दिवस कुणी लक्ष दिलं नाही, वर पाऊस, कपडे वाळेनात. परत येते तर पुन्हा ते लाल ठिपके हजर. मी इतकी चिडले की स्वयंपाकघरातली भांडी आपटली. पुन्हा पहिल्यापासून सगळं. यावेळी मामांनी तोंड फिरवलं नाही. मी टिपत होते आणि ते माझ्या बोटांकडे बघत होते, मी गाईपाशी बसायचे तेव्हा बघायचे तसे.

फिजिओथेरपीवाल्या मुलीला मी फोन केला, माफी मागितली, खरं कारण सांगितलं. ती आली. बगल बघितली, मग खांदा चाचपला, आणि तिचा चेहरा पडला. "बराच आखडलाय हो काकू. मधले दिवस गेले ना." मी विचारलं, "म्हणजे?" तर म्हणाली, "बघू. आता सांगता येत नाही." मामांनी ऐकलं. त्या संध्याकाळी ते नुसते गाईजवळ उभे राहिले.

पण आता ते ओरडत नव्हते. हात उचलला की दात दाबून धरायचे, कपाळावर घाम यायचा, पण "नगं" म्हणायचे नाहीत. ती मुलगी रोज यायची, मग एक दिवसाआड. हात तिच्या हातात वर जायचा, सोडला की बदकन खाली. ती गेल्यावर मी पुन्हा घाम टिपायचे, घडी बदलायचे. डॉक्टरीणबाईंनी क्रीम बंद करून नुसती पावडर दिली, तीही चिमूटभर, कोरड्या कातडीवर. दुसरी बगल, जांघ, पायाच्या बोटांच्या बेचक्या, सगळं बघत जा म्हणाल्या. मी बघत होते. पण तो हात स्वतःहून उठत नव्हता, आणि आपण उशीर केला की काय, या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. सकाळी मी भगुलं घेऊन खोलीत गेले तर खाट रिकामी. बंडी उशाशी पडलेली. मी तशीच गोठ्याकडे धावले. पूर्वेच्या बाजूनं कोवळं ऊन गाईंच्या पाठीवर आलं होतं, आणि तिथं मामा उघड्या अंगानं उभे होते, तांबड्या गाईला टेकून. त्यांचा डावा हात गाईच्या पाठीवर आडवा पसरलेला होता. बगल सताड उघडी. आणि त्या गोऱ्या, कधी ऊन न बघितलेल्या कातडीवर ऊन पडलं होतं.

मी दारातच थांबले. मला वाटलं, उजव्या हातानं उचलून ठेवला असेल. पण विचारल्याशिवाय राहवेना. "कुणी ठेवला हो हात?"

मामांनी गाईकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं नाही. उजव्या हातात तर काठी होती. त्यांनी डावा हात पाठीवरून घसरवला, खाली सोडला. मग तो उठायला लागला. थरथरत, मध्येच अडकत, पुन्हा वर. कोपर आलं, मनगट आलं, बोटं गाईच्या केसांत रुतली आणि हात पाठीवर जाऊन बसला. गायीनं कान हलवला.

"वाळवाया ठिवलीय," मामा म्हणाले. थेट माझ्याकडे बघून, माझ्याशी. "पोरी, ये. बघ बरं, वाळली का न्हाई?"

मी जवळ गेले. काख कोरडीठाक होती. तरी मी फडकं घेऊन वाकले आणि टिपत राहिले, टिपतच राहिले, कारण मान वर केली असती तर त्यांना माझे डोळे दिसले असते.